कानातली चाळण : दुसऱ्या भाषेचे उच्चार कसे येतात

संध्याकाळच्या वाहतुकीतून वाट काढत एवढे जण आलात, त्याबद्दल आधी आभार. हे व्याख्यान नंतर वाचणाऱ्यांसाठी जागेबद्दल दोन शब्द. काशी आणि मिरा या दोन गावांची नावं जोडून काशीमीरा झालं. मुंबई-अहमदाबाद महामार्ग इथून जातो आणि ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता जवळच त्याला मिळतो. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर होती. आगरी, कोळी, गुजराती, मारवाडी, भोजपुरी, बंगाली, तमिळ असं सगळं एकाच रिक्षा स्टँडवर ऐकू येतं. त्यामुळे दुसऱ्या भाषेचे उच्चार माणसाला कसे जमतात, हा विषय बोलायला याहून योग्य जागा शोधून सापडायची नाही.

सुरुवात एका प्रसंगाने करू. आम्ही काही मंडळी संध्याकाळी मोठ्यांसाठी मराठी बोलण्याचा छोटा वर्ग घेतो. त्यात एक ताई येतात, मूळच्या पूर्व उत्तर प्रदेशातल्या. इथे बारा वर्षं झाली. एक दिवस त्यांनी हिंमत करून इमारतीतल्या एका मराठी शेजाऱ्याला विचारलं, "नलाला पानी कधी येनार?" शेजारी हसले. वाईट मनाने नाही, सहजच. आणि उत्तर दिलं हिंदीत. ताईंनी त्यानंतर चार महिने मराठीचा एक शब्द काढला नाही.

आता त्या वाक्यात चूक काय होती? शब्द बरोबर, क्रम बरोबर, व्याकरण बरोबर. 'ळ'चा 'ल' झाला आणि 'ण'चा 'न' झाला, एवढंच. पण बोलणाऱ्याचं व्याकरण कळायला चार वाक्यं लागतात, उच्चार पहिल्या शब्दातच कळतो. म्हणून भाषेच्या दारावर माणूस अडतो तो बहुतेक वेळा उच्चारापाशी. २०२५ च्या जुलैमध्ये मीरा रोडला भाषेवरून मोर्चे निघाले, शहराचं नाव देशभर बातम्यांत गेलं. त्या वादाच्या बाजू मांडायला आज आपण जमलेलो नाही. पण 'मराठी शिका' असं आपण म्हणतो, तेव्हा शिकणाऱ्याच्या कानात आणि तोंडात नक्की काय घडतं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. आजचा विषय तेवढाच.

अडचण जिभेची नाही, कानाची

आपला सर्वसाधारण समज असा की उच्चार येत नाही म्हणजे जीभ वळत नाही. हा समज अर्धवट आहे. जीभ तर सगळ्यांची सारखीच असते. अडचण आधी कानात असते.

निकोलाय त्रुबेत्स्कॉय नावाचे रशियन भाषाशास्त्रज्ञ होते. १९३९ साली, त्यांच्या निधनानंतर, त्यांचा ध्वनिव्यवस्थेवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एक उपमा वापरली आहे : चाळणीची. आपली पहिली भाषा ही जणू कानात बसवलेली चाळण. दुसऱ्या भाषेतलं जे काही ऐकू येतं ते त्या चाळणीतून गाळूनच आत पोचतं. ज्या फरकाला आपल्या भाषेत किंमत नाही, तो फरक चाळणीतच अडकून राहतो. म्हणजे शिकणारा 'नळ' ऐकून 'नल' म्हणत नाही. त्याला मुळात 'नल'च ऐकू आलेलं असतं.

गंमत बघा, 'चाळण' या आपल्या शब्दातच शिकणाऱ्याला छळणारे तिन्ही ध्वनी आहेत. दाताजवळचा 'च', मग 'ळ', मग 'ण'. आजच्या व्याख्यानापुरता हा एक शब्द हाताशी ठेवू.

ही चाळण बसते कधी? कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात सगळीकडे सांगितला जातो. त्यात वापरलेल्या ध्वनींपैकी एक जोडी आपल्या घरची होती : हिंदीतले 'ट' आणि 'त'. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक ओळखू येत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत ती ओळख फार कमी झालेली दिसली. म्हणजे पहिला वाढदिवस व्हायच्या आत कान ठरवून टाकतो की आपल्या घरात कुठले फरक कामाचे आणि कुठले बिनकामाचे. बाळ काही विसरत नाही, ते फक्त घरच्या भाषेत निष्णात होत जातं.

आपलीही चाळण आहे

हे ऐकून कुणी म्हणेल, आमचे कान शाबूत आहेत. नाहीत. इंग्रजीतला 'टेबल' घ्या. त्याचा पहिला ध्वनी आपल्या 'त'सारखा दाताला लागत नाही आणि आपल्या 'ट'सारखा वर टाळूकडेही जात नाही. जीभ वरच्या हिरडीला टेकते. आपल्याकडे त्या जागेला वेगळं घर नाही, म्हणून कान त्याला शेजारच्या 'ट'च्या घरात ढकलतो. आपलं इंग्रजी परदेशात ओळखू येतं ते ज्या खुणांवरून, त्यातली ही एक मोठी खूण.

दुसरं उदाहरण लिखाणातलं. आपण 'व्हिडिओ' लिहितो, हिंदीत 'वीडियो' लिहितात. आपण 'झेब्रा', 'झूम' लिहितो, हिंदीत 'ज'खाली नुक्ता देतात. इंग्रजी शब्द एकच, पण मराठी कानाला तो घासून येणारा वारा 'व्ह'सारखा वाटला आणि हिंदी कानाला 'व'सारखा. दोन चाळणी, दोन निकाल. यात कोण चूक? कुणीच नाही.

कोणता ध्वनी आधी येतो, कोणता उशिरा

आता एक मजेदार गोष्ट. आपल्याला वाटतं, जो ध्वनी पूर्ण नवा तो सगळ्यात कठीण. अमेरिकेतले संशोधक जेम्स फ्लेगी यांनी १९९५ साली मांडलेली भूमिका याच्या उलट जाते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जो ध्वनी आपल्या ध्वनींपेक्षा उघडच निराळा आहे, त्याच्यासाठी कान हळूहळू नवं घर बांधतो. पण जो ध्वनी आपल्या एखाद्या ध्वनीच्या फार जवळचा आहे, त्याला कान जुन्याच घरात कोंबतो, आणि मग तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

आमच्या वर्गात हेच दिसतं. हिंदीभाषक माणसाला 'ळ' नवा असतो. तो अडखळतो, हसतो, पण 'हे काहीतरी वेगळं आहे' एवढं त्याला कळतं. सहा-आठ महिन्यांत बऱ्याच जणांच्या तोंडी 'ळ' येतो. पण 'च' आणि 'ज'? तिथे वीस वर्षं इथे काढलेली माणसंही अडकलेली असतात. कारण सोपं आहे. मराठीत 'च' दोन आहेत, आणि अक्षर एकच.

म्हणून बघा. 'चाळ' म्हणा. आता 'चाळीस' म्हणा. 'चाळ'मधला 'च' दाताजवळ, जवळजवळ 'त्स'. 'चाळीस'मधला 'च' टाळूचा. शाळेच्या व्याकरणात यांना दंततालव्य आणि तालव्य म्हणतात. 'ज'चं तेच. 'हे जग मोठं आहे' यातलं 'जग' आणि 'शंभर वर्षं जग' यातलं 'जग' लिहिताना एक, बोलताना दोन. 'चार म्हशी' आणि 'म्हशीला गवत चार'. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, आपण ऐकत ऐकत उचललं. पण पुस्तकातून शिकणाऱ्याला अक्षर सांगतं की 'च' म्हणजे 'च', त्याचा कानही तेच सांगतो. दोन साक्षीदार एकच खोटं सांगत असतील तर संशय तरी कसा यायचा?

म्हणून उच्चाराच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे फरक आहे हे सांगणं. नुसतं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो. पुढे एक-दोन सोपे नियम देता येतात. 'इ', 'ई', 'ए' आणि 'य' यांच्या आधी तालव्यच येतो : चिमणी, चेहरा, माझी, माझ्या. 'माझा'चा 'झ' दाताजवळ, 'माझी'चा टाळूचा. 'घरचा' आणि 'घरची' तसंच. 'चा' हा प्रत्यय मराठीत पावलोपावली येतो. शिकणाऱ्याने एवढा एक 'चा' नीट बसवला तरी त्याचं बोलणं ऐकायला एकदम वेगळं वाटतं. बाकीचं शब्दागणिक : चाक, चोर, चूल, जुना हे दाताजवळचे, चहा, चंद्र, जनता हे टाळूचे.

आता आपल्या शहरातल्या चाळणी वेगवेगळ्या आहेत हेही लक्षात घ्या. गुजरातीत 'ळ' आहे, 'ण' आहे. मारवाडीतही दोन्ही आहेत. पाण्याला तिथेही 'पाणी'च म्हणतात. घरात गुजराती किंवा मारवाडी बोलणाऱ्या दुकानदाराला 'ळ' शिकवायचाच नाहीये, तो त्याच्या घरात आहे. पण मराठीत त्याची गरज आहे हे कुणी सांगितलेलं नसतं आणि बाजारातल्या हिंदीच्या सवयीने तो 'ल' म्हणतो. त्याला एवढंच सांगायचं : घरचा 'ळ' इकडे वापरा. बंगालीभाषकाची गोष्ट निराळी. त्याच्या 'व'चा 'ब' होतो, 'स'चा 'श' होतो, 'अ' गोल होतो. सगळ्यांना एकच धडा देऊन चालत नाही, ते यासाठी.

कान कसा तयार करायचा

मग मोठेपणी चाळण बदलता येते का? येते. पूर्ण नाही, पण कामापुरती नक्की येते.

जपानी लोकांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येत नाहीत, हे प्रसिद्ध आहे. अमेरिकेत लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी १९९१ साली अशा मोठ्या माणसांना काही आठवडे फक्त ऐकण्याचा सराव दिला. शब्द ऐकायचा, कोणता ते सांगायचं, बरोबर की चूक लगेच कळायचं. शब्द वेगवेगळ्या माणसांच्या आवाजातले होते. ओळखण्यात सुधारणा झाली. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की एकाच आवाजावर सराव केला तर शिकलेलं त्या आवाजापुरतंच राहतं. अनेक आवाजांवर केला तर नव्या माणसाचं बोलणंही ओळखता येतं. १९९७ साली ॲन ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बोलण्याचा सराव अजिबात न देता, फक्त कान तयार केला, तरी त्या लोकांचा उच्चारही सुधारला.

यातून आपल्या वर्गासाठी काय घ्यायचं? आम्ही दोन गोष्टी घेतल्या. पहिली, जोड्या ऐकवायच्या. वेळ आणि वेल. गाळ आणि गाल. माळ आणि माल. मण आणि मन. म्हणायला लावायचं नाही. आधी नुसतं बोट वर करायचं, पहिला की दुसरा. दुसरी, एकट्या शिक्षकाचा आवाज नाही. म्हातारी माणसं, लहान मुलं, बायका, पुरुष, भराभर बोलणारे, संथ बोलणारे, अशा दहा जणांच्या आवाजात त्याच जोड्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्यायच्या. खर्च शून्य. रोज दहा मिनिटं पुरतात.

मग जीभ

कान जरा तयार झाला की जिभेकडे यायचं. इथे आपल्याकडे फार जुनं भांडवल आहे. आपली वर्णमाला हा तोंडाचा नकाशाच आहे. 'क'वर्ग कंठाचा, 'च'वर्ग टाळूचा, 'ट'वर्ग मूर्धेचा, 'त'वर्ग दाताचा, 'प'वर्ग ओठांचा. आतून बाहेर येत जाणारी रांग. हे आपण पाठ करतो, पण शिकवताना वापरत नाही.

आणि एक युक्ती : नवा ध्वनी शून्यातून शिकवू नका, शिकणाऱ्याच्या भाषेत तो कुठेतरी लपलेला असतो तिथून काढा. हिंदीभाषक म्हणतो, मला 'ण' जमत नाही. त्याला 'अंडा' म्हणायला सांगा. 'ठंडा' म्हणायला सांगा. 'ड'च्या आधी जो अनुनासिक येतो तो 'ण'च आहे. 'ड' म्हणायच्या आधी थांबा, जीभ तिथेच ठेवा, नाकातून आवाज येऊ द्या. आला 'ण'. दाताजवळचा 'च' हवा? 'उत्सव' म्हणा. त्यातला 'त्स' वेगळा काढा आणि त्याला 'क' जोडा : 'त्साक'. झालं 'चाक'. 'ळ' हवा? 'सड़क', 'पहाड़' यातला 'ड़' हिंदीत आहे. जिभेचं टोक तसंच वर वळवा, फक्त हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी जाऊ द्या. पहिल्या दिवशी नीट येणार नाही. पण ज्या ताईंना बारा वर्षं वाटत होतं की आपल्याला 'ळ' मिळालेलाच नाही, त्यांना कळतं की अर्धा रस्ता आपण आधीच चाललोय.

नलाला पानी

आता आपण त्या पहिल्या वाक्याकडे परत येऊ. 'नलाला पानी.' काशीगावातल्या, राई-मुर्ध्यातल्या, उत्तनच्या जुन्या आगरी-कोळी घरांतली वडीलधारी माणसं कशी बोलतात ते आठवा. 'डोळा'चा 'डोला', 'पाणी'चं 'पानी'. इथे इमारती यायच्या कितीतरी आधीपासूनची ही इथली मराठी. खानदेशात, वऱ्हाडात जा, तिथे 'डोळा'चा 'डोया' होतो. म्हणजे ज्या 'ळ'वरून आपण ताईंना परकं ठरवलं, तो 'ळ' या मातीतल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतही नाही. आजीचं 'पानी' गोड आणि ताईंचं 'पानी' हसण्यासारखं, हा फरक कानाने केलेला नाही. तो आपण केलेला आहे.

कॅनडातल्या मरी मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली हीच गोष्ट मोजून दाखवली. परक्या वळणाचं इंग्रजी ऐकणाऱ्यांनी काही वाक्यांना 'वळण फार जड आहे' असे गुण दिले. पण तीच वाक्यं त्यांनी जशीच्या तशी बरोबर लिहून काढली होती. वळण जड असणं आणि न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'वेळ'चं 'वेल' झालं तर कधी घोटाळा होईल, तो दुरुस्त करू. पण जे समजलं आहे, ते समजलं आहे.

आणि म्हणून अर्धं काम ऐकणाऱ्याचं आहे. समोरच्याचा उच्चार ऐकला की आपण चटकन हिंदीत शिरतो. आपल्याला वाटतं आपण मदत केली. प्रत्यक्षात आपण त्याच्या कानाला मिळणारा घास काढून घेतला. अनेक आवाज ऐकले तर कान तयार होतो, हे आत्ताच पाहिलं. ते अनेक आवाज कोण? तुम्ही-आम्हीच. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते ठीकच. पण पाठ्यपुस्तकाला आवाज नसतो. खाली खेळायला गेलेलं मूल ज्या भाषेत भांडतं, तिचेच उच्चार त्याच्या तोंडी बसतात. आपल्या मराठी घरातल्या मुलांचे दोन 'च' एक होऊ लागलेत, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आलंय?

श्रोत्यांचे काही प्रश्न

*वय झाल्यावर शिकून उपयोग आहे का?*

लहान वयात सुरुवात केली तर उच्चार मूळ भाषकासारखे होण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण वय हे एकच कारण नाही. किती ऐकायला मिळतं, किती बोलायला मिळतं, हेही तितकंच मोठं. चाळिशीत तंतोतंत होणार नाही कदाचित. समजेल असं नक्की होईल.

*चुकलं तर दुरुस्त करायचं की नाही?*

करा, पण वाक्य पूर्ण होऊ द्या. मग उत्तरातच तो शब्द नीट म्हणा. "नळाला पाणी? सहा वाजता येतं." समोरच्याला उत्तरही मिळालं, उच्चारही मिळाला, आणि मान खाली घालावी लागली नाही.

*त्या ताईंचं पुढे काय झालं?*

त्या आजही येतात. 'ण' बसलाय. 'ळ' घाईत असल्या की निसटतो. परवा त्यांनी त्याच शेजाऱ्यांना पुन्हा विचारलं. या वेळी शेजारी मराठीतच म्हणाले, "सहाला येईल, पण आज दाब कमी आहे, लवकर भरून ठेवा." एवढ्या एका वाक्यात 'ठेवा', 'दाब', 'भरून' असं कितीतरी त्यांच्या कानावर पडलं.

इथेच थांबू. घरी जाताना रिक्षात बसाल तेव्हा मराठीत बोला, आणि उत्तर कसंही आलं तरी पुढचं वाक्यही मराठीतच बोला.